कोरा फिल्टर

कोरेराव हे त्यांचं आडनाव नव्हे, ऑफिसातल्या मंडळींनी ठेवलेलं नाव. वीस वर्षं स्टोअरकीपरची नोकरी करून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती : वस्तू कोरी राहिली पाहिजे. घरात रिमोट पिशवीत, मिक्सर खोक्यात आणि सोफा प्लास्टिकमध्ये (पाहुणा उठायला लागला की आधी सोलून काढावा लागे).

डोंगरापलीकडच्या जंगलात वणवा लागला आणि धूर शहरात उतरला. सासूबाई दम्याच्या, मुक्कामाला यांच्याकडेच. कोरेरावांनी एअर प्युरिफायर आणायचं ठरवलं. निवड मात्र चोख केली हं! टेप घेऊन खोली मोजली, तेवढ्या खोलीला पुरेल असंच मशीन धरलं, ओझोन सोडणारं नको म्हणून दुकानदाराला तासभर पिडलं. स्वतःच्या हातांनी ते सासूबाईंच्या उशाशी लावलं.

मशीनवर हवेतल्या धुराचा आकडा दोनशे ऐंशी, दिवा लाल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनशे दहा. सासूबाई आडव्या होऊ शकत नव्हत्या, भिंतीला टेकून धापा टाकत होत्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, "पाचपर्यंत फरक पडला नाही तर सरळ ॲडमिट करा."

घाबरले की कोरेराव चौकशी लावत.

"खिडकी कुणी उघडली?"

"तुम्ही चिकटपट्टी लावून बंद केलेली?" बायको म्हणाली. "ती उघडायला सुतार आणावा लागेल."

"मग फोडणी!"

"तीन दिवस उकडलेलं खातोय आपण."

"मग आईंचा बाम!"

"जावईबापू..." सासूबाईंना एकेका शब्दामागे थांबावं लागत होतं. "मी... जिन्यात... बसू का?"

कोरेराव इतके ओशाळले की त्यांना मान वर करवेना. बायकोने मात्र मशीनच्या जाळीवर हात धरला.

"अहो, वारा कुठाय याला?" म्हणत तिने मागचं झाकण ओढलं. आत फिल्टर, आणि फिल्टरभोवती गच्च पारदर्शक पिशवी.

"पिशवी काढायची राहिली तुमची?"

"राहिली कशी? मीच ठेवली," कोरेराव म्हणाले. "एवढ्या धुरात फिल्टर मळला नसता का?"

सासूबाईंच्या छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

"माहितीपुस्तिका कुठाय?" बायकोने विचारलं.

ती कपाटात होती, सीलबंद. बायकोने सील टरकावलं तेव्हा कोरेरावांनी डोळे मिटून घेतले. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं : प्रथम फिल्टरवरील वेष्टन काढावे.

बायकोने ते काढलं. मशीन घरघरलं. दोनशे चाळीस. एकशे साठ. नव्वद. कोरेराव आकड्यावर डोळे लावून जमिनीवरच बसले होते. पाचला आकडा बावीस झाला, दिवा हिरवा झाला आणि सासूबाई तीन दिवसांत पहिल्यांदा उशीवर आडव्या झाल्या. कोरेरावांचे डोळे भरून आले. (तेवढ्यातही पिशवी घडी घालून खिशात गेलीच.)

डॉक्टरांचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकून आकडा सांगितला. "वा! मशीन उत्तम निवडलेलं दिसतंय. कुणी निवडलं?"

कोरेराव घसा खाकरून पुढे झाले, पण सासूबाईंनी फोन आधीच घेतला होता.

"आमच्या जावईबापूंनी," त्या एका दमात म्हणाल्या, "आणि काळजी तर इतकी घेतली, की तीन दिवसांत फिल्टरला धुराचा कण शिवू दिला नाही!"