एकशे बारा हातकुऱ्हाडी

आमच्या शेजारचे तायडे सर माणसाचं गाव, पगार विचारत नाहीत. ते त्याचं युग ठरवतात. दिवसभर मोबाइलवर बोट फिरवणारा पुराश्मयुगात: "नुसतं गोळा करून राहिला, पिकवत काईच नाही!" दारात मेथी पेरणारा नवाश्मयुगात. मला त्यांनी मध्येच, मध्याश्मयुगात अडकवून ठेवलंय. कारण मी पत्रकं वाटत अचलपूरभर भटकते.

इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण व्याख्या सुटल्या नाहीत. नाली तुंबून घरात पाणी शिरलं तेव्हा सर नगरपालिकेच्या तक्रार खिडकीवर गेले. "तीन बाजूंनी पानी होतं तवर माहं घर द्वीपकल्प होतं. मी गप होतो. आता चारी बाजूंनी हाय. बेट झालं, साहेब!" साहेबांनी अर्ज शिक्षण खात्याकडे पाठवला. असल्या कारभारावर मी काय छापलं, ते इथे लिहीत नाही.

सरांचा जीव मात्र त्यांच्या जुन्या शाळेतल्या एका खोलीत. तिथे पोरांनी सापन नदीतून वेचून आणलेले दगड, प्रत्येकाला चिठ्ठी: 'हातकुऱ्हाड. पुराश्मयुग. शोधक: सुनील, सातवी ब.' नव्या मुख्याध्यापकांना खोली कॉम्प्युटरसाठी हवी होती. दगड सोमवारी रस्त्याच्या खड्ड्यात जाणार होते.

माझं डोकंच फिरलं. 'वऱ्हाडचा आदिम ठेवा वाचवा!' असं पत्रक काढलं आणि अमरावतीहून पुरातत्त्वाच्या एक प्राध्यापिका आणल्या. सर सारखे म्हणत होते, "कायले बलावतं वं पोरी त्यायले? राहू दे." मला वाटलं, संकोच.

बाईंनी एकशे बारा दगड उलटेपालटे करून पाहिले. मग चष्मा पुसला. "हत्यार एकही नाही. नदीतले साधे गोटे आहेत. हे तीन-चार तर खडीमशीनची गिट्टी."

मुख्याध्यापक मोठ्यानं हसले. मी बाहेर येऊन सरांवर भडकले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"आणि चिठ्ठ्या खोट्या लावल्या? पोरगं बेटाला द्वीपकल्प म्हणालं की बाकावर उभं करणारे तुम्ही!"

"पोट्टं उन्हात नदीवर गेलं, वल्ल्या चड्डीनं धावत आलं. 'सर, सर, कुऱ्हाड सापडली!' त्याले काय म्हनू, गिट्टी हाय मनून?"

मी उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली आणि ऑटो ठरवायला गेले.

रविवारी दगड ऑटोत भरून आम्ही सरांच्या घरी आणले. सर एकटेच राहतात. जागेला तोटा नाही. कपाटात एकेक दगड मांडत ते सांगू लागले, "हा सुनील. सुरतेले हाय, दिवाईले फोन करते. हे वैशाली. नर्स झाली, नागपुरात." दोन-चार नावं झाली. मग ते नुसतेच दगड मांडत राहिले.

"आणि बाकीचे, सर?"

सरांनी कपाट दाराकडे ओढायला सुरुवात केली. "इथं ठेवू. एखांदं आलं, त पयले आपला दगड पायते. लगेच दिसला पायजे ना."

मी त्यांच्या शेजारी सहा वर्षं राहते. एकही आलेलं पाहिलं नाही. मी कपाटाची दुसरी बाजू धरली.