पाच कॅलेंडरांची भिंत

बांधकामातलं मला सगळं कळतं, हे मी वडवणीच्या बाजारात वांगी निवडता निवडताही लोकांना सांगायचो. म्हणूनच नव्या घराला लाल विटा न लावता ते पांढरे हलके ब्लॉक आणले. आणि पाणी किती मारलं! लोक दिवसातून दोनदा मारतात, मी टँकर बोलावून चारदा मारलं.

"मालक, ही वीट न्हाई," सोमेश्वर मिस्त्री म्हणाला. "ह्यो ब्लॉक लई पाणी पेला की वाळताना आखडतो. भेगा पडतेत. जरा वाळू द्या, मंग गिलावा करू."

"तू थापी धर, डोकं मी लावतो," असं म्हणून मी ओल्या भिंतीवरच गिलावा करून घेतला. घाईला कारण होतं. आमच्या आदिनाथला गेवराईची सोयरीक आली होती आणि मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. आधीच्या दोन सोयरिकी जुन्या पत्र्याच्या घरावरून मोडल्या होत्या. ही तिसरी मोडली असती, तर वनमालेनं, म्हणजे आमच्या बायकोनं, मला घरात घेतलं नसतं.

फाल्गुनात ऊन तापलं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघाली. ब्लॉकच्या जोडांवरून, जिना उतरावा तशी खाली. मी रोज तिच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करायचो; दुसऱ्या दिवशी भेग खुणेच्या पुढं. भेगेत पुट्टी भरली, तर पुट्टीलाही भेग. मला जेवण जाईना, एका जागी बसवेना.

पाहुणे यायच्या सकाळी पतसंस्थेचं, बियाण्यांच्या दुकानाचं, सराफाचं अशी पाच कॅलेंडरं गोळा केली. खिळा ठोकला की ब्लॉकचा भुगा पडायचा, म्हणून चिकटपट्टीनं भेगेवर उतरती चिकटवली.

"आवं, पाच कावून?" वनमालेनं विचारलं.

"तारखा चुकू न्हाईत म्हणून."

मुलीचे वडील सुग्रीवराव आले. पोहे झाले, चहा झाला, पोरगा पसंत पडला. पानं उडू नयेत म्हणून मी पंखा बंद ठेवला होता, त्यामुळे सगळे घामाघूम. मी आपला उठतोय, बसतोय. तेवढ्यात सुग्रीवराव उठले, सरळ मधल्या कॅलेंडरापाशी गेले आणि पान वर करून निरखून बघू लागले.

माझा धीर सुटला. "पाव्हणं, चूक माजी हाय. मिस्त्री नको म्हणत असताना मीच टँकरनं पाणी मारलं. भेग रोज वाढतीया. पन पोराच्या घडणीत मी हात घातला न्हाई, ते सगळं हिनं केलंय."

सुग्रीवराव वळले. "मी वैशाखातली लग्नतिथ बघत हुतो."

मग त्यांनी पाचही कॅलेंडरं एकेक करून काढली आणि भेगेवरून बोट फिरवत खालपर्यंत आले.

"पोरगं पसंत हाय," ते म्हणाले. "पन आमची पोरगी ह्या भिंतीखाली नांदायची. हिचं आखडणं थांबू द्या, मंग तारीख काढू."

तेव्हापासून गेवराईहून रोज सकाळी फोन येतो. माझी, वनमालेची, होणाऱ्या जावयाची, कुणाचीच खुशाली ते विचारत नाहीत. फक्त भिंतीची विचारतात.