खुंटी नंबर दोनशे बारा

भावाचं मत फाटकावर राहिलंय, घेऊन जा, असा निरोप आला तो बुधवार होता. गिरणीला सुट्टी होती आणि मी सायकलची साखळी बसवत होतो.

आमच्या सूतगिरणीत काडेपेटी, बिडी आणि मजुरीबद्दलचं मत फाटकावर ठेवूनच आत जावं लागतं. कापूस पेट घेतो म्हणून ही पद्धत. पाळी सुटली की बिल्ला दाखवून ज्याचं त्यानं घ्यायचं. माझा थोरला भाऊ नागनाथ जूनमध्ये सकाळच्या पाळीला आत गेला आणि यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला. त्याच्या सामानाची पिशवी खुंटीवरच राहिली.

पहारेकरी मुलाणीचाचांनी दोनशे बारा नंबरची खुंटी लांबूनच दाखवली. पिशवीला हात लावला तर गरम लागली.

"काडेपेटी तुझ्या वहिनीनं नेली. हे कुणी नेईना," चाचा म्हणाले. "शेजारच्या खुंटीवरची मतं पण तापायला लागलीत. तो नारबा, 'मिळतंय ते काय कमी आहे' म्हणणारा. परवा त्यानं साहेबाकडं ओव्हरटाइमचा हिशेब मागितला."

"मग?"

"मग काय? घरी बसलाय."

"आणि माझं मत?"

"तुझं? रोज ठेवतोस की. बिडीच्या बंडलात मावतंय."

नियम असा, की एका बिल्ल्यावर एकच मत. नागनाथचं घेतलं तर माझं गिरणीकडं कायमचं जमा होणार. नाही घेतलं तर तीस तारखेला दोनशे बाराचा बिल्ला नव्या कामगाराला जाणार, खुंटीवरच्या सामानासकट.

"नवा कोण आहे?" मी विचारलं.

चाचांनी वही माझ्याकडं फिरवली. वारसाच्या रकान्यात नागनाथच्या मुलीचं नाव होतं. भाग्यश्री, वय एकोणीस.

मी तसाच वहिनीकडं गेलो. ती भाकरी थापत होती.

"मी सांगितलं तिला, भावजी. म्हणते, अण्णांचंच आहे ना, मग मीच नेते."

"तिला समजाव."

"तुमच्या भावाला कधी समजावता आलं होतं का?"

भाग्यश्री दारात बसून वडिलांच्या चपलेला खिळा मारत होती. तिनं मान वर केली नाही.

मी टाइम ऑफिसातून मत हस्तांतराचा फॉर्म आणला. नाव लिहिलं, बिल्ला नंबर लिहिला, मयताशी नातं लिहिलं. आज एकोणतीस तारीख आहे. सही करायची राहिली आहे.