त्रेचाळीस फोन आणि सावनेरची म्हैस

कोणतीही वाईट सवय सुटण्यापूर्वी तिची रीतसर नोंद व्हावी लागते. जिची नोंद नाही ती सरकारदरबारी अस्तित्वात नसते, आणि जी अस्तित्वातच नाही ती सोडवणार कोण? नागपुरातल्या सुयोग ले-आउट या वसाहतीत ही अडचण पहिल्यांदा शरच्चंद्र घाटे यांच्या लक्षात आली. घाटे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षे लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्यामुळे माणसाने कुठे थांबावे हे त्यांना चटकन कळे. (त्यांचे स्वतःचे बोलणे यातून वगळावे, असे त्यांच्या पत्नी यमुताईंचे मत आहे.)

या समाजकार्यामागे घाट्यांचा काही स्वार्थ नव्हता. एक गोष्ट तेवढी होती. सावनेरला असताना ते एका बांधाची मोजणी करायला गेले, तर हद्दीच्या दगडावर नेमकी म्हैस बसलेली. अलीकडचा शेतकरी म्हणे उठवा, पलीकडचा म्हणे खबरदार. दोन्हीकडे काठ्या, मधे म्हैस आणि घाट्यांच्या हातात मोजणीची साखळी. ‘आणि तेवढ्यात साहेबांची जीप आली,’ इथवर गोष्ट आली की समोरच्याच्या खिशात काहीतरी वाजे. तो ‘एक मिनिट हं’ म्हणे, आणि ते मिनिट संपत नसे. बारा वर्षांत ही गोष्ट दोनशे चौदा वेळा सांगायला घेतली गेली. साहेब जीपमधून एकदाही उतरले नाहीत. पोटच्या पोराने, केयूरनेही, ती पुरती ऐकलेली नव्हती. घाट्यांना हे फार लागे. आपल्यामागे साहेब कायमचे जीपमध्येच बसून राहणार, या विचाराने त्यांचा जीव कासावीस होई.

तेव्हा मोबाईल संयम समिती स्थापन झाली आणि प्रथम पाहणी झाली. घरे अडतीस, फोन एकशे सहा. जेवताना फोन बघणारे शंभर टक्के. आपण बघत नाही असे सांगणारेही शंभर टक्के. देवघरात फोन नेणारे सव्वीस (आरतीचे शब्द बघायला नेतो म्हणणारे सव्वीस). मुले अभ्यासासाठी फोन वापरतात. कोणत्या विषयाच्या, हा रकाना सर्वांचाच कोरा.

समितीने आधी सौम्य उपाय करून पाहिला. जेवणाच्या वेळी सर्व फोन एका डब्यात ठेवायचे ठरले. सदस्यांनी उत्साहाने नवे डबे आणले. सगळे काचेचे होते.

मग घाट्यांना मारबतीचा दिवस आठवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकर वर्षभराची पिडा बडग्याच्या, म्हणजे बांबू-कागदाच्या पुतळ्याच्या, स्वाधीन करतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी ठोकत त्याला वस्तीबाहेर नेऊन जाळतात. ज्या गावात रोगराई, ढेकूण आणि राजकारण यांचा निकाल इतक्या सोप्या पद्धतीने लागतो, तिथे फोन कसा अपवाद राहावा? ठरले असे, की ले-आउटचा बडग्या गिरिधर पेंटरने करायचा, त्याच्या पोटात कप्पा ठेवायचा, सर्वांनी फोन बंद करून त्यात घालायचे, तासभर माणसासारखे एकमेकांशी बोलायचे, आणि फोन परत घेतल्यावर रिकामा बडग्या गिरिधरने ठीक अकराला उचलून जाळायला न्यायचा.

दहाला फोन घ्यायला सुरुवात झाली. प्रत्येकाला छापील अर्ज होता : ‘मी खाली सही करणार, माझ्याकडील पिडा स्वखुशीने बडग्यास सुपूर्द करीत आहे.’

“साहेब, पिडा कशी लिहून देऊ गा?” समोरच्या घरातले बाबाराव सही करता करता अडले. “मले त कापसाचा भाव यातच समजते.”

“आणि दिवसातून किती वेळा बघता?” घाट्यांनी विचारले.

“भाव बदलून राहिला तं पाहा लागते ना,” बाबाराव म्हणाले. सहीसाठी खाली ठेवलेला फोन त्यांनी तेवढ्यात पुन्हा उचलून पाहिला, आणि मग मुकाट्याने दिला.

त्रेचाळीस फोन बडग्याच्या पोटात जमा झाले. अर्ज दोन प्रतींत असल्यामुळे याला पाऊण तास लागला. पावणेअकराला मंडळी मांडवात सतरंजीवर बसली. आता बोला, असे समितीने जाहीर केल्यावर दोन मिनिटे कोणी बोलले नाही. मग यमुताई म्हणाल्या, “यंदा उकाडा फार आहे.” ते सर्वांना मान्य झाले. विषय संपला.

घाट्यांनी घसा साफ केला आणि म्हैस काढली.

लोक ऐकू लागले. दुसरे करायला काही नव्हते, हे खरे. पण ऐकता ऐकता खरोखरच ऐकू लागले. बाबाराव पुढे सरकले. “मंग? उठली का नाई?” असे त्यांनी विचारले, तेव्हा घाट्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

बरोबर अकराला गिरिधर पोरे घेऊन आला. मंडळींची पाठ त्याच्याकडे होती. माणसे चिडीचूप बसलेली, माना जरा खाली. हातात फोन असल्याशिवाय या ले-आउटमधली माणसे इतकी शांत बसत नाहीत, हे तो बारा वर्षांच्या अनुभवाने जाणत होता. म्हणजे फोन परत मिळालेले दिसतात. त्याने मांडवाबाहेर रस्त्याकडेला उभा असलेला बडग्या खांद्यावर घेतला. यंदा जरा जड झाला, एवढेच त्याला वाटले. ढोल वाजले, पण त्या दिवशी नागपुरात ढोल कुठे वाजत नाहीत? ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठली, तेव्हा सतरंजीवरच्या चारदोघांनी मागे न बघताच भक्तिभावाने साथ दिली.

घाट्यांचे तोंड मात्र रस्त्याकडे होते. बडग्या हलत-डुलत कोपऱ्याकडे निघालेला त्यांना स्वच्छ दिसला. गोष्ट त्या वेळी ‘आणि तेवढ्यात साहेबांची जीप आली’ इथे होती. एक हाक मारली असती तर काम झाले असते. त्यांनी उघडलेले तोंड क्षणभर तसेच ठेवले.

“जीप थांबली,” घाटे म्हणाले, “आणि साहेब खाली उतरले.”

पुढे सतरा मिनिटे गोष्ट चालली. संपल्यावर लोक हसून हसून लोळले, टाळ्या झाल्या. मग नाल्यापलीकडे धूर दिसला.

तक्रार कोणाला करता आली नाही, कारण पिडा स्वखुशीने दिल्याची प्रत प्रत्येकाच्या खिशात होती. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस नवे फोन आले. जुन्यांपेक्षा मोठे होते.

“तुम्हाला दिसत होतं ना हो समोरून?” यमुताईंनी घरी विचारले. “मग बोलला का नाहीत?”

“साहेब उतरत होते गं,” घाटे म्हणाले.

समितीचे काम पुढे चालू आहे. हा अहवाल वाचणाऱ्यांची तूर्त नावे नोंदवून घेतली जात आहेत. सिमकार्डे वाचली का, फोटोंचे काय झाले, विमा मिळाला का, एवढे प्रश्न तुमच्या मनात येऊन गेले; म्हशीचे पुढे काय झाले, हे तुम्ही अजून विचारलेले नाही. अर्ज दोन प्रतींत भरावा. येताना फोन आणावा.