निशिकांतची शनिवारची डोकी

निशिकांत बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, कपाळाकडे आणि नाकाच्या उंचवट्याकडे बघतो. तिथली कातडी हाडाला घट्ट असते, सरकत नाही. बाकीच्या चेहऱ्यावर त्याचा विश्वास नाही.

इथे परदेशात, मरीन परेडला आमच्याच मजल्यावर तो एकटा राहतो आणि नोव्हेना भागातल्या एका लॅबमध्ये संशोधन करतो. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टर स्क्रीनवरचा स्कॅन बघत वाट काढतात. स्कॅन आणि टेबलावरचं डोकं तंतोतंत जुळलेलं राहावं म्हणून डोकं टोकदार खिळ्यांच्या चिमट्यात आवळतात. निशिकांतला ते खिळे घालवायचेत. त्याचा कॅमेरा नुसता चेहरा वाचतो, आणि डोकं हललंच तर वरच्या दातांवर बसवलेल्या पट्टीच्या चमकत्या मण्यांवरून तेही टिपतो.

त्यासाठी त्याला डोकी लागतात. दर शनिवारी मजल्यावरच्या आम्हा पाच-सहा जणांना तो एमआरटीच्या मेट्रोने लॅबमध्ये नेतो, खुर्चीत बसवतो आणि दटावतो, “हसू नका, गाल सरकतो.” माझ्या नवऱ्याचं टक्कल त्याला फार आवडतं. इतकं कौतुक त्याचं मीही कधी केलं नाही.

शेवटी एका शुक्रवारी सर्जन मंडळींसमोर प्रात्यक्षिक ठरलं. त्यांना पटलं तरच रुग्णांवर चाचणीची परवानगी. डोकं माझं. मी हळदीकुंकवाहून थेट पोचले आणि खुर्चीत बसले. स्क्रीनवर माझा मेंदू कानाबाहेर दिसू लागला. सर्जन एकमेकांकडे बघू लागले. निशिकांत घामाघूम. मग जवळ येऊन माझ्या कपाळाकडे बघत हळूच म्हणाला, “ताई, टिकली.”

खड्याची होती. कॅमेऱ्याने तिला पट्टीवरचा मणी समजून हिशेबात धरलं होतं. मी ती उपटून खुर्चीच्या हातावर चिकटवली आणि मेंदू जागेवर आला. वरिष्ठ सर्जनबाईंनी दोनदा तपासलं आणि त्या म्हणाल्या, “कॅन लाह.” इथल्या बोलीत, चालेल.

परतताना एमआरटीत हा मान खाली घालून बसलेला. परवानगी मिळाली ना, मग मयताहून आल्यासारखा काय बसलास, म्हणून मी झापलं.

“आता रुग्ण येतील, ताई. तुमची डोकी नाही लागायची. शनिवार रिकामा.”

सांत्वन मला जमत नाही. उद्या सातला जेवायला ये, येताना कोथिंबीर आण, असं सांगून टाकलं.

साडेसहालाच तो दारात होता, तीन जुड्या घेऊन. जेवण झाल्यावर त्याने भांडी विसळली, पुसली, ओटाही पुसला. तरी उभाच.

“पुढच्या शनिवारी काय करणार आहात?”

“पिठलं,” मी म्हटलं.