धवलारीण खाली बसली ती बसली

डॉक्टरच्या गोळ्या बंद करून गुडघ्यांना होडीचं तेल लावायचं, हे ठरवताना मला कुणाचाही सल्ला लागला नाही. मला सहसा लागत नाही. शाळेची पायरी न चढता मी वाचायला शिकले, तेही मासळी बांधायच्या रद्दीवर. (त्यामुळे पुष्कळ बातम्यांचे शेवट मला अजून माहीत नाहीत. ते गिऱ्हाइकाबरोबर गेले.)

गोष्ट ब्याण्णव सालची, आमच्या बाळकुमची. सकाळी उठावं तर दोन्ही गुडघे असे सुजलेले, की कुणीतरी आत नारळ भरून ठेवलेत. सूनबाई हेमा मला ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"आजी, हे वयाचं झिजणं नाही," बाई म्हणाल्या. "संधिवात आहे. यात शरीर आपल्याच सांध्यांशी भांडतं."

"माझं शरीर हाय. भांडणारच."

"हा जन्माचा सोबती. गोळ्या नेमानं घ्यायच्या, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. रोज थोडं चालायचं. आणि जमिनीवर बसणं बंद. खुर्ची घ्या."

खुर्ची! मी बाळकुमची धवलारीण. आमच्या कोळ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. तिनं पाटावर बसून धवले गायचे, गाऊन देव बोलवायचे, आणि मग उठून नवरीला पहिली हळद लावायची. खुर्चीवरून कुठला देव येतो? शिवाय कोलशेतची आवडाबाई टपूनच होती. मनुबाई थकली, एवढं एकदा कानावर पडलं की माझा मान तिच्या पदरात.

गोळ्यांनी महिन्या-दोन महिन्यांत गुडघे नरम आले, म्हणून मी गोळ्या सोडल्या. (पोहून काठाला लागल्यावर कुणी हात मारत बसतं का?) आणि आळीतल्या भिवाजीच्या मुलीची हळद तोंडावर येऊन गुडघे परत फुगले तशी कोपऱ्यातला मुशी माशाच्या तेलाचा डबा उघडला.

"अगो, ह्ये होडीला लावतात," दामाजी म्हणाला. (नवऱ्याचं नाव घेते. उखाण्याची वाट कोण बघणार?)

"होडी इतकी वर्षं पाण्यात टिकली. माझे गुडघे घरात टिकणार नाहीत?"

"होडीला लावताना ती पालथी घालतात. तुला कशी घालू?"

त्याला उत्तर आळीतल्या मांजरांनी दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती उंबऱ्याबाहेर ओळीनं बसू लागली, जणू रेशनला.

हेमा बँकेतून आली, तिनं आधी मांजरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आई, गोळ्या घेताय ना?"

"घेते गो."

ती कोळंबी सोलायला बसली. ही मुलगी डोंबिवलीच्या सोवळ्या घरातली, आमच्या पंढरीशी लग्न करून आली तेव्हा बोंबील नि बांगडा तिला सारखेच. आज कोळंबी माझ्यापेक्षा भरभर सोलते. (हे मी तिला सांगितलेलं नाही.)

हळदीच्या दिवशी गुडघे पार पेटले होते. वर फडकं गुंडाळलं, नवी साडी नेसले, आणि मांडवात ऐटीत पाटावर बसले. मागं गंगुबाई आणि मालन, माझी ओळ झेलून परत म्हणणाऱ्या. गावदेवी बोलावली, एकवीरा बोलावली. देव झाले. आता उठायचं.

गुडघे उठेनात.

हात टेकला, उठेनात. गाणं थांबलं की उठायला हवं, म्हणून मी गाणं थांबवलं नाही. आणखी देव बोलावले. मुंब्र्याची देवी, टिटवाळ्याचा गणपती, शहाडच्या पुलाखालचा म्हसोबा (तिथं आहे की नाही कुणास ठाऊक, पण असला तर जेवून जाईल). देव संपले तसे भिवाजीचे पूर्वज घेतले. आधी चांगले, मग ज्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं तेही. म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. "काय ग्यान गो हिला!" व्हिडिओवाल्याची कॅसेट संपली. वाटीतली हळद सुकली. नवरी बसल्या बसल्या पेंगली. एक मांजर येऊन माझ्या मांडीवर बसलं आणि पुढच्या रांगेतून आवडाबाई त्या मांजराकडे बघत राहिली.

हेमा वाकून माझ्या कानाशी आली. "आई, काय झालं?"

बोलायला थांबता येईना. मी चालीतच सांगितलं:

"उठवत नाय मना, हेमा सूनबाई..."

मागून दोघी डोळे मिटून, भक्तीनं: "उठवत नाय मना, हेमा सूनबाई..."

"गप ऱ्हा गो, तुम्हाला नाय सांगत..."

"गप ऱ्हा गो, तुम्हाला नाय सांगत..."

"गोळ्या कधी सोडल्यात?" हेमा दात-ओठ खात पुटपुटली.

"सोडल्या गो बाय, मागच्या अवसेला..."

आता सगळा मांडवच म्हणायला लागला. माझ्या गोळ्यांची अवस बाळकुमभर गाजली. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "ह्यो धवला माझ्या आजीनंतर आज ऐकला."

आवडाबाईला मात्र बरोबर कळलं. ती पदर खोचून उठली. "मनुबाई थकली. फुडचं मी बघते."

माझा आवाज पहिल्यांदाच फाटला. आणि तेवढ्यात हेमा उभी राहिली. आवाज चढवला नाही. बँकेच्या काउंटरवर उगाच भांडणाऱ्याला गप करतात, तसा काढला.

"थांबा. एवढे देव आले आणि त्यांना बोलावणारी नवरीकडे पायी जाणार? मानानं न्यायचं असतं. भिवाजीकाका, पाटासकट उचला आईंना."

असला मान कुणीच पाहिलेला नव्हता. पण एवढ्या देवांसमोर 'आपल्याला माहीत नाही' म्हणायला कोण तयार होणार? भिवाजी आणि वल्ही मारणारे तिघं पुढं आले, दामाजीनं सवयीनं "हैस्सा!" दिला, आणि ओहोटीला चिखलात रुतलेली होडी काढावी तशी मी पाटासकट वर निघाले. नवरीसमोर खुर्ची तयार होती, वर हेमाचा स्वतःचा शालू. तिथून वाकून मी आंब्याच्या पानानं हळद लावली. आवडाबाई खाली बसली.

घरी आल्यावर शिव्या मिळतील असं वाटलं होतं. हेमानं भाकरी वाढली, मग गोळी दिली, पाणी दिलं. आणि समोर उभी. "जीभ वर करा." आजवर मी कुणासमोर जीभ आवरली नाही, ती त्या पोरीनं वर करून बघितली! दुसऱ्या दिवशी रजा टाकून मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांचं सगळं बोलणं माझ्याबरोबर खाली मान घालून ऐकलं, आणि घरी येऊन चौकशीला आलेल्या शेजारणींना सांगितलं, "सूज चढली होती म्हणून गेलो होतो." तेल नाही, अवस नाही. मी शेकडो सुना लग्न लावून घरोघर पोचवल्या. अशी एकच निघाली, आणि ती माझ्या घरात आली.

हळूहळू गुडघ्यांची सूज उतरली. रोज गावदेवीपर्यंत चालते, गोळी चुकवत नाही, खुर्चीवर बसते. देव येतात, तक्रार नाही. आणि बाळकुमात धवलारणीला उचलून न्यायची रीत पक्की झाली. जुनीच आहे म्हणतात.

मग गावातल्या दाजीच्या मुलाचं लग्न ठरलं. दाजी आमंत्रणाचा नारळ घेऊन आला, पण नारळ हातातच धरून बसला.

"मनुबाई, राग धरू नका. गाण्यात तुमच्यासारखी कुणी नाय," तो म्हणाला. "पण पोरं म्हणतात, उचलायला आवडाबाई हलकी हाय."