भगवानरावांची हवा

"दोऱ्याला एसी अन् माणसाला घाम? ह्यो कुठला इन्साफ?" असं म्हणत भगवानरावांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि यंत्राच्या गार पट्टीसमोर, थेट हवेच्या झोतात बसकण मारली.

भगवानराव म्हणजे कारखान्याचे मालक माधवराव यांचे सासरे. पाथरीहून लेकीकडे आले होते. मे महिन्याची काहिली, त्यात ऑफिसातला एसी सकाळीच बंद पडलेला. आणि ते बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. परभणीबाहेरच्या त्या पत्र्याच्या कारखान्यात गार हवा होती ती फक्त पॉलिएस्टरच्या धाग्यासाठी. धागा पीळ घेत तापलेल्या हीटरवरून जाई आणि लगेच गार पट्टीवर थंड होई. तिथं थंड झाला तरच त्याचा कुरळेपणा टिके. नाहीतर पीळ सुटून तो मेल्यासारखा सरळ पडे. म्हणून त्या हवेच्या आड उभं राहायची सगळ्यांना मनाई होती. सातवा महिना लागलेली पंचफुला सकाळी तिथं पदरानं वारा घेत टेकली, तर पाळीची इन्चार्ज राजेश्री तिच्यावर खेकसली होती.

राजेश्रीचाही इलाज नव्हता. इतकी वर्षं तिनं कंत्राटावर काढली होती. आज सोलापूरच्या येमूलशेठनी माल पसंत केला, तर तिला कायम करायचं माधवरावांनी कबूल केलं होतं.

"मामा, जरा बाजूला बसता का? धागा तापायलाय."

"अन् मी काय गोठायलोय?"

भगवानरावांनी हातातल्या काठीनं हवेच्या जाळीच्या पट्ट्याही आपल्या छातीकडे वळवल्या आणि थोड्याच वेळात घोरायला लागले.

राजेश्रीनं माधवरावांना फोन लावला. ते शेठना आणायला स्टेशनवर गेले होते.

"झोपू द्या त्यांला," माधवराव दबक्या आवाजात म्हणाले. "बीपी हाय मामांना. मागच्या बारीला पाहुणचारात कमी पडलं, तर घरात कुणी माझ्याशी बोलंना."

"मग मशीन बंद करू का, साहेब?"

"येड्या झाल्या का? शेठ आले की मशीन चालू दिसायला पायजे. करा कायतरी ॲडजस्ट!"

ॲडजस्ट करायचं म्हणून राजेश्रीनं पॅकिंगमधला उभा पंखा आणून पट्टीकडे तोंड करून लावला. पंख्यानं हीटरची धग ओढली आणि नेमकी पट्टीवरच फेकली. धागे तटातट तुटू लागले. तुटलेली टोकं हवेत तरंगली आणि भगवानरावांच्या मिशीवर, टोपीवर, काठीवर जाऊन बसली.

"ताई, मामाभोवती कोळ्याचं जाळं व्हायलंय," पंचफुला म्हणाली. "उठवू का?"

"उठव, अन् मग दोघी मिळून घरी जाऊ."

तेवढ्यात माधवराव शेठना घेऊन आत आले. येमूलशेठनी धागा दोन्ही हातांत धरून ताणला. ताणला तसाच तो राहिला.

"यात जीव नाही हो," ते म्हणाले.

माधवरावांनी पंखा पाहिला. वळवलेली जाळी पाहिली. झोतात झोपलेले सासरे पाहिले. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. मग ते राजेश्रीकडे वळले.

"एवढी पाळी सांभाळता येत न्हाई तुमाला? उद्यापासून येऊ नका!"

पंचफुला काही बोलणार होती, पण राजेश्रीनं तिचा हात दाबला. गलक्यानं जागे झालेले भगवानराव मिशीवरचे धागे झटकत म्हणाले, "बाईमाणसाच्या ताब्यात मशीन दिल्यावर दुसरं काय होणार?"

दुसऱ्या दिवशी माधवरावांचाच फोन आला. आवाजात साखर होती.

"राजेश्रीताई, शेठला कालचा माल लय पसंत पडला! सत्काराच्या शाली विणायच्यात त्यांला. खांद्यावर पडली, फोटो निघाला, काम झालं. पांघरतंय कोण? चांगलं सूत परवडत न्हाई म्हणले. अगदी तसाच माल काढायचा. या लगेच!"

राजेश्रीला जायचं नव्हतं. पण घरी बसून चूल पेटत नाही. ती गेली.

मग कालच्यासारखं बिघडवायचं काम सुरू झालं. हवा बंद केली की धागे तुटत. थोडी सोडली की माल झकास निघे.

"अहो, एवढं चांगलं नको!" माधवराव कपाळाला हात लावून ओरडत.

दिवस मावळायला आला तशी राजेश्री कातावली.

"साहेब, काल हवा मामाच्या अंगावरून वळून पट्टीवर यायली होती. मामा बसल्याबिगर तसला माल निघायचा न्हाई!"

ती रागानं बोलली होती. माधवरावांनी ते मनावर घेतलं.

सासऱ्यांना नुसतं बसवून कसं ठेवायचं? घरातून मान-पानाचा प्रश्न निघाला. शेवटी भगवानरावांना रीतसर कामावर घेण्यात आलं, तांत्रिक सल्लागार म्हणून, कायम. एवढी एकच जागा कायम करता येण्यासारखी होती, असं माधवरावांनी राजेश्रीला समजावून सांगितलं. तिचं कंत्राट मात्र त्यांनी मोठ्या मनानं वाढवून दिलं.

सोमवारी भगवानराव कडक इस्त्रीचं धोतर नेसून हजर झाले. गादी टाकलेल्या खुर्चीत बसले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि राजेश्रीला म्हणाले, "आता बोलण्याचा आवाज कमी ठेवा. अन् मला झोप लागली की खुर्चीला धक्का लावू नका. मालात फरक पडंल."